परंतुबाई आणि इतिहासकाराची दीड पानाची नोंद

चरित्रकोशाच्या कार्यालयात त्यांना सगळे परंतुबाई म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर. फोनवर कोणी त्यांचं खरं नाव घेऊन चौकशी केली, तर शिपाई क्षणभर गोंधळायचा आणि म्हणायचा, “अशा कोणी इथे नाहीत.” मग त्या स्वतःच उठून फोन घ्यायच्या.

नाव पडलं ते त्यांच्या एका सवयीमुळे. कुणाचीही नोंद त्यांच्याकडे तपासायला आली की वाचून झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “याचं परंतु कुठे आहे?” एखादा नाटककार थोर होता, परंतु त्याने दुसऱ्यांची भाषांतरं स्वतःच्या नावावर खपवली. एखादा न्यायाधीश कमालीचा कठोर होता, परंतु निवृत्तीनंतर त्याने तुरुंगांत वाचनालयं काढली. परंतु नसलेली नोंद त्या लेखकाकडे परत पाठवायच्या. “असा माणूस अजून जन्माला आलेला नाही,” म्हणायच्या, “नीट शोधा.” एकतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. मी शेजारच्या टेबलावर वनस्पतिशास्त्रज्ञ सांभाळत होतो. वनस्पतिशास्त्रज्ञांवरून सहसा कोणी भांडत नाही, त्यामुळे मला त्यांच्या टेबलावर काय चाललंय ते बघायला भरपूर वेळ असायचा.

कार्यालय एका चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. चार टेबलं, कार्डांची लाकडी खणं आणि एक खिडकी. ती उघडली की कार्डं उडायची, म्हणून कायमची बंद. प्रमुख संपादकांना आम्ही साहेब म्हणायचो. साहेब गरीब स्वभावाचे आणि घाबरट. एकदा एका मल्लाच्या नोंदीत त्याच्या हरलेल्या कुस्त्या छापल्या, तर त्याचे चार नातू येऊन जिन्यावर बसले. एकेक नातू म्हणजे कपाट. साहेब त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मोरीत होते. तेव्हापासून त्यांनी धोरण आखलं: नोंद तोललेली हवी. म्हणजे काय, तर कौतुकाचे जितके शब्द, तितकेच टीकेचे. ते पेन्सिल घेऊन समासात मोजणी करायचे आणि दोन्हीकडचे आकडे जुळले की समाधानाने मान हलवायचे.

बाईंना हे मुळीच पटायचं नाही. “परंतु म्हणजे निम्मं नव्हे, साहेब. कुणाचं परंतु एका ओळीचं असतं, कुणाचं आयुष्यभराचं. जेवढं असेल तेवढं लिहायचं.”

“ते बरोबर आहे हो,” साहेब म्हणायचे, “पण ते मोजायचं कसं?”

असं चाललेलं असताना ज्या खंडात इतिहासकाराचं आडनाव येत होतं, तो खंड कामाला आला.

हा इतिहासकार मूळचा एका पंथाचा प्रवचनकार. आमच्याकडे घरटी एक माणूस तरी त्या पंथाचा आहे, त्यामुळे पंथाबद्दल बोलताना सगळे आवाज खाली आणतात. चाळिशी उलटल्यावर या माणसाने पंथाचा इतिहास लिहायला घेतला. पहिल्या खंडात त्याने सरळ लिहिलं, की संस्थापकांचं जे चरित्र घराघरांत वाचलं जातं ते त्यांच्या मृत्यूनंतर एकशे दहा वर्षांनी रचलेलं आहे आणि सगळे चमत्कार तेव्हाच घातलेले आहेत. पुरावा म्हणून एक पत्रही छापलं. पंथाच्या तिसऱ्या प्रमुखाने आपल्या लेखनिकाला हुकूम सोडला होता, की असं चरित्र तयार करा की वाचणाऱ्याची मान आपोआप खाली गेली पाहिजे.

पुस्तक भर चौकात जाळलं गेलं. प्रवचनकारी गेली. पंथाने जाहीर केलं, की पत्र बनावट आहे आणि ते या माणसाने घरी बसून स्वतःच्या हाताने बनवलं. त्याच्या विद्यार्थ्यांनी मग अभ्यासमंडळ काढलं आणि जाहीर केलं, की पत्र शंभर टक्के अस्सल असून गुरुजी सत्यासाठी हुतात्मा झाले आहेत. हुतात्मा त्यानंतर चौदा वर्षं जगला. भाजी आणायला स्वतः जायचा. मरायच्या तीन वर्षं आधी त्याचा दुसरा खंडही निघाला, सातशे पानांचा, पण तोवर दोन्ही बाजूंची मतं इतकी पक्की झाली होती, की तो जाळायचे कष्टसुद्धा कोणी घेतले नाहीत.

अशा माणसाची दीड पानाची नोंद परंतुबाईंना करायची होती.

बातमी फुटायला आठवडाही लागला नाही. पंथाचे कार्यवाह आले. आडव्या बांध्याचे, आवाज मात्र साखरेत घोळलेला. त्यांच्या पाठोपाठ अभ्यासमंडळाचे अध्यक्ष. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, खिशाला तीन पेनं, आणि बोलताना प्रत्येक वाक्य वहीत उतरवून घ्यायला सांगतील की काय अशी भीती वाटावी असा सूर. साहेबांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि मसुदा पुढे ठेवला.

पहिलंच वाक्य अडलं. बाईंनी लिहिलं होतं, ‘ते पंथाचे प्रवचनकार होते.’

“ते?” कार्यवाह हसून म्हणाले. “ज्याने आमच्या संस्थापकांची बदनामी केली त्याला आम्ही ‘ते’ म्हणायचं? ‘तो’ लिहा, ताई. आमची काही जबरदस्ती नाही, पण ‘तो’ लिहा.”

अध्यक्ष उभेच राहिले. “गुरुजींना ‘तो’? मग तुमच्या संस्थापकांनाही ‘तो’ लिहा!”

साहेबांनी कपाळ पुसलं. दोन तासांनी तोडगा निघाला तो असा: सर्वनाम नकोच. पण सर्वनाम काढलं तरी क्रियापदात ‘होता’ की ‘होते’ हे दिसतंच, म्हणून क्रियापदही नको. नोंद आता अशी झाली: ‘जन्म प्रवचनकाराच्या घरी. शिक्षण खंडित. लेखन विपुल. वाद अनेक.’ वाचताना पार्सलावरचा मजकूर वाचतोय असं वाटायचं. शेवटच्या शब्दापाशी पुन्हा तीन दिवस गेले, कारण कार्यवाहांना ‘मृत्यू’ हवा होता आणि अध्यक्षांना ‘महाप्रयाण’. शेवटी ‘अखेर’ ठरलं.

विशेषणांचं तेच. ‘थोर’ कार्यवाहांनी खोडलं, ‘वादग्रस्त’ अध्यक्षांनी. साहेबांनी ‘बहुचर्चित’ सुचवलं. कार्यवाह म्हणाले, आम्ही त्याची चर्चा करत नाही. अध्यक्ष म्हणाले, आम्ही चर्चा नव्हे, अभ्यास करतो. ‘परिचित’वर दोघं थांबले. मग फोटो. हसरा फोटो एकाला चालेना, कपाळाला आठ्या असलेला दुसऱ्याला. सहा फोटोंमधून निवडला गेला तो टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधतानाचा, ज्यात फक्त टक्कल दिसत होतं. टक्कल दोन्ही पक्षांना मान्य होतं. कार्यवाहांनी जाताजाता खिशातून फूटपट्टी काढली आणि दोन्ही बाजूंच्या ओळी मोजल्या. अर्धी ओळ अध्यक्षांकडे जास्त भरली. ती ‘विपुल’ काढून कमी केली.

“बघा,” साहेब बाईंना म्हणाले, “कसा सुरेख तोल साधला.”

“साहेब, यात माणूस कुठे आहे?”

“माणूस घातला की भांडण येतं हो.”

बाई त्या दिवशी मसुदा पिशवीत घालून घरी गेल्या. पुढचं मला त्यांनी नंतर सांगितलं. त्यांच्या घरी तिघं. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे; घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं बाकडं. आणि सासूबाई, ब्याऐंशी वर्षांच्या, जन्मापासून पंथातल्या. रोज सकाळी सभागृहात जाऊन यायच्या, काठी टेकत, पण वेळ चुकवायच्या नाहीत. बाईंना धास्ती होती ती त्यांचीच. इतिहासकाराचा विषय घरात काढायचाच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

जेवताना सासूबाईंनीच विचारलं, “आमचा मास्तर तुझ्याकडे आलाय म्हणे?”

“कोण मास्तर?”

“तुमचा तो इतिहासकार. रविवारी सभागृहात आम्हा पोरांना शिकवायचा. मिशी नुकती फुटली होती.”

यजमानांनी घास तसाच धरला. “आई, हे कधी बोलली नाहीस!”

“कोणी विचारलं कधी? पुस्तक जाळलं तेव्हा सगळे ओरडत होते, तेव्हा माझं कोण ऐकणार. हट्टी होता मेला. एकदा एका ओळीवरून त्याने मला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. मी रडत घरी आले. पुढच्या रविवारी आला, फळ्यासमोर उभा राहिला, स्वतःचा कान पकडला आणि म्हणाला, ही बरोबर होती, मी चुकलो. आठ वर्षांची होते मी. तेवढ्या मोठ्या माणसाने कान पकडलेला तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर कोणाचा पाहिला नाही.”

“पण मग ते पत्र?” बाईंनी हळूच विचारलं. “त्यांनी ते बनवलं असेल?”

“तो? त्याला दुसऱ्याचं अक्षर काढता आलं असतं, तर आमच्या वह्यांवर त्याने स्वतःचं जरा बरं काढलं असतं की! संस्थापकांबद्दल तो जे बोलला ते मला आवडलं नाही. आजही नाही आवडत. पण म्हणून तो लबाड होत नाही. भात घे अजून.”

बाईंच्या डोक्यात एक गोष्ट घर करून बसली. पोरीसमोर कान पकडणारा माणूस जर कुठे चुकला असेल, तर त्याने ते कुठेतरी लिहून ठेवलेलं असणारच. पहिल्या खंडात ते असणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या ग्रंथालयात गेल्या आणि दुसरा खंड मागितला.

ग्रंथपाल शिडीवरून खाली येता येता म्हणाला, “बाई, पस्तीस वर्षांत याला पहिल्यांदा हात लागतोय. वाळवीनेही सोडून दिलाय.”

पुस्तक जुन्या पद्धतीचं, म्हणजे वरच्या कडेला पानं एकमेकांना जोडलेली. वाचणाऱ्याने ती कापत कापत पुढे जायचं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही पान कापलेलं नव्हतं. बाईंनी ग्रंथपालाकडून लोखंडी पट्टी मागून घेतली. तीन दिवस त्या रोज येऊन कापत होत्या आणि वाचत होत्या. बराचसा खंड म्हणजे मठांच्या याद्या. तिसऱ्या दिवशी दुपारी, चौथ्या परिशिष्टात, त्यांना हवं होतं ते सापडलं.

‘पहिल्या खंडात मी जे पत्र छापले ते बनावट आहे. त्याचा कागद उजेडासमोर धरला असता ज्या गिरणीचा छाप दिसतो, ती गिरणी पत्रावरील तारखेनंतर साठ वर्षांनी सुरू झाली. मी छाप पाहिला नाही, कारण मला ते पत्र हवे होते. पत्र कोणी बनवले हे मला ठाऊक नाही. मी फसलो, आणि वाचकांना फसवले. पत्र बाजूला ठेवूनही चरित्राची भाषा संस्थापकांच्या काळाची नाही, हे माझे मत मात्र कायम आहे.’ पुढची सात पानं त्या भाषेबद्दल होती, शब्द शब्द उकलून दाखवलेला.

बाई मला म्हणाल्या, “‘मला ते पत्र हवे होते’ हे वाक्य वाचलं आणि मी पट्टी खाली ठेवली. एवढं सरळ परंतु मी आजवर पाहिलं नव्हतं. आणि ते दुसऱ्या कोणाला शोधावं लागलं नाही, त्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं.”

पुढच्या बैठकीत त्यांनी खंड टेबलावर ठेवला आणि तो उतारा मोठ्याने वाचून दाखवला. मी खणातलं कार्ड शोधण्याचं सोंग करत तिथेच उभा होतो.

आधी कार्यवाह खुलले. “म्हणजे पत्र बनावट! पंचेचाळीस वर्षं आम्ही काय सांगत होतो?”

“तुम्ही सांगत होता की ते यांनीच बनवलं,” बाई म्हणाल्या. “तसं नव्हतं, हेही छापावं लागेल. आणि चूक त्यांनी स्वतःच कबूल केली, हेही. आणि मत कायम, हेही.”

कार्यवाहांचा चेहरा हळूहळू उतरला. लबाड माणूस त्यांना चालत होता. चूक कबूल करणारा माणूस त्यांच्या पत्रकात कुठे बसेना. ते म्हणाले, “एवढं खोलात जायची गरज आहे का, ताई?”

अध्यक्षांनी पुस्तक स्वतःकडे ओढलं. त्यांच्या घरी हा खंड काचेच्या कपाटात होता, प्लास्टिकच्या वेष्टणात, हे त्यांनीच एकदा अभिमानाने सांगितलं होतं. “शेवटच्या काळात गुरुजींची तब्येत ठीक नव्हती,” ते म्हणाले. “त्या मनःस्थितीतलं लिखाण विचारात घेणं हा त्यांच्यावर अन्याय होईल.”

“अगदी बरोबर,” कार्यवाह म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांत पंथ आणि मंडळ यांचं एका गोष्टीवर पहिल्यांदा एकमत झालं होतं. साहेबांनी लगेच चहा मागवला. कार्यवाहांनी अध्यक्षांच्या कपात स्वतः साखर ढवळून दिली. परिशिष्टाचा उल्लेख नको, असा संयुक्त अर्ज तिथल्या तिथे लिहिला गेला, अध्यक्षांच्याच पेनाने.

ते गेल्यावर बाई साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “दोघं खूश झाले म्हणजे नोंद न्याय्य झाली, असं नसतं. तिसरा माणूस आहे ना. ज्याच्याबद्दल आपण लिहितोय तो.”

“तो काही तक्रार घेऊन जिन्यावर बसायला येणार नाही,” साहेब म्हणाले.

“मग माझी आद्याक्षरं टाकू नका.”

साहेब हादरले. आमच्या कोशात प्रत्येक नोंदीखाली जबाबदार संपादकाची आद्याक्षरं लागतात. त्याशिवाय छापखाना पान घेत नाही. बाईंच्या जागी सही करायला दुसरं कोणीही तयार होईना. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी वनस्पतिशास्त्रज्ञांत तोंड घातलं. ही गोष्ट मला अजून टोचते.

चार दिवस ताणाताणी चालली. पाचव्या दिवशी बाईच म्हणाल्या, “ठीक आहे. सही करते. पण संदर्भांच्या यादीत मला दोन ओळी हव्यात.”

“संदर्भ?” साहेबांचा जीव भांड्यात पडला. “घाला की! ते कोण वाचतंय!”

बाईंनी सगळ्यात बारीक टायपात लिहिलं: ‘पंथाचा इतिहास, खंड दुसरा, परिशिष्ट चौथे, पृ. ६११ पासून, पहिल्या खंडातील पत्राबाबत लेखकाने स्वतः केलेली दुरुस्ती.’ शेवटचं प्रूफ बघायला कार्यवाह फूटपट्टी घेऊन आले, अध्यक्ष भिंग घेऊन आले. दोघांनी मजकूर मोजला. संदर्भांपर्यंत कोणाची नजर गेली नाही. खंड निघाला. पंथाने आणि मंडळाने साहेबांना एकेक अभिनंदनपत्र पाठवलं आणि साहेबांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी, एका उंचीवर, भिंतीला लावली.

वर्षभराने बाई निवृत्त झाल्या. त्यानंतर चारएक वर्षांनी एका लांबच्या गावातल्या शिक्षकाचं पत्र कार्यालयात आलं, तिथून ते बाईंच्या घरी गेलं. शिक्षकाने लिहिलं होतं, ‘पाय मोडल्यामुळे दोन महिने अंथरुणात आहे. आपल्या कोशातला संदर्भ वाचून दुसरा खंड मागवून घेतला. आमच्या ग्रंथालयाच्या प्रतीचीही पानं मलाच कापावी लागली. आपण दिलेला पृष्ठक्रमांक चुकीचा आहे. पृ. ६११ वर केवळ नकाशा आहे. मजकूर ६१२ पासून सुरू होतो. कृपया दुरुस्ती व्हावी.’

बाईंना अन्न गोड लागेना. एकतीस वर्षांत त्यांचा पृष्ठक्रमांक कधी चुकला नव्हता. त्या ग्रंथालयात जाऊन बघून आल्या. शिक्षक बरोबर होता. यजमान म्हणाले, “अगं, एका आकड्याचं काय एवढं!” त्यावर त्यांनी यजमानांना विचारलं, घड्याळ एका मिनिटाने मागे असलं तर तुम्ही गिऱ्हाइकाला असंच म्हणता का?

चूक होती, तर दुरुस्ती पाठवणं भागच होतं. ती लिहायला बसल्यावर बाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. कोशाची शुद्धिपत्राची एक पुरवणी दरवर्षी निघते आणि ती छापण्यापूर्वी कोणीही बघत नाही. कुठला पक्ष नाही, साहेब तर मुळीच नाहीत. साहेबांच्या मते आपल्या चुका बघणं तब्येतीला चांगलं नसतं. बाईंनी लिहिलं: ‘पृ. ६११ ऐवजी ६१२ वाचावे. तेथे इतिहासकारांनी पहिल्या खंडातील पत्र बनावट असल्याचे व आपण फसलो असल्याचे स्वतः मान्य केले आहे. पत्र कोणी बनवले हे ते सांगत नाहीत. चरित्र उशिराचे असल्याचे त्यांचे मत मात्र भाषेच्या आधारे कायम आहे.’ चार वाक्यं. सर्वनामासह, क्रियापदांसह.

पुरवणी निघाली आणि महिनाभरात बोंब झाली. कार्यवाह आणि अध्यक्ष पुन्हा जिना चढून आले, आता दोघंही धापा टाकत. साहेब सेवानिवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाई तिशीतल्या आणि थंड डोक्याच्या. त्यांनी खंड मागवला, पृ. ६१२ उघडलं आणि विचारलं, “यात चूक काय आहे ते दाखवा, पुढच्या पुरवणीत दुरुस्त करू.” दोघं आले तसे जिना उतरून गेले.

मग पंथाने पत्रक काढलं, ‘इतिहासकाराची कबुली: पत्र बनावट!’ मंडळानेही काढलं, ‘गुरुजींचं मत अखेरपर्यंत कायम!’ प्रत्येकाने चार वाक्यांतली आपल्या सोयीची तेवढी उचलली होती. बाईंनी दोन्ही पत्रकं मला दाखवली आणि म्हणाल्या, “निदान जे छापलंय ते तरी खरं आहे. याआधी तेही नव्हतं.”

मोठ्या ग्रंथालयात आता दुसऱ्या खंडासाठी नाव लावावं लागतं. मंडळातल्या दोन तरुण मुलींनी तो सबंध वाचला आणि अध्यक्षांना इतके प्रश्न विचारले, की त्यांनी सभा महिन्यातून एकदाऐवजी तीन महिन्यांतून एकदा ठेवली. पाय बरा झालेला तो शिक्षक अजून पत्रं पाठवतो. कोशाच्या त्याच खंडातल्या आणखी अकरा चुका त्याने काढल्यात. नव्या संपादकबाईंनी परंतुबाईंना बोलावून घेतलं आणि शुद्धिपत्राचं काम त्यांच्याकडे सोपवलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या येतात, खिडकीशेजारच्या टेबलावर बसतात, आणि शिक्षकाला उत्तर लिहितात.